डिस्लेक्सियाचं काम आणि माझं आजारपण: काय चालू ठेवू, काय सोडू? (बडोदा)

सुरसागर_काठ

नमस्कार मंडळी. बऱ्याच महिन्यांनी येतेय इथे. लिहितेय म्हणजे खरं तर बोलतेय, टाइप फोन करतोय, तेव्हा ह्रस्व-दीर्घ इकडेतिकडे झालं किंवा पूर्णविराम गायब झाला तर चालवून घ्या, बोटांत अजून जोर नाहीये.

आजाराचं थोडक्यात सांगते कारण हा धागा आजाराचा नाही. पावसाळ्यात पोट बिघडलं, ते बरंही झालं, आणि मग आठवड्याभराने तळपायाला मुंग्या, मग जिना चढवेना, मग चमचा धरवेना. जीबीएस, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम. पुण्यात २०२५च्या जानेवारीत सिंहगड रोडच्या बाजूला जी साथ आली होती ना, तेच ते, आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते. आयसीयू झालं, पाच दिवस ती महागडी इम्युनोग्लोब्युलिनची सलाईन झाली, व्हेंटिलेटरपर्यंत गेलं नाही ही देवाची कृपा. आता घरी. वॉकर आहे, पाऊल पुढून लोंबतं म्हणून पायात स्प्लिंट आहे, रोज फिजिओ येते. नसा भरून यायला महिने लागतात म्हणे, आणि थकवा त्याच्याही पुढे रेंगाळतो. थकवा म्हणजे काय तर वेणी घातली की झोपावं लागतं.

आता मूळ मुद्दा. जुन्या लोकांना माहीत आहे, दांडिया बाजारात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी डिस्लेक्सियावाल्या मुलांचं काम करते, म्हणजे हुशार असून वाचण्या-लिहिण्यात अडकतात ती मुलं. स्वतःच्या मुलापायी सुरू झालं, तो आता साउंडच्या कामात आहे, छान चाललंय त्याचं. पण खोली चालूच राहिली. शिकवणं होतंच, पण जास्त वेळ जायचा दोन गोष्टींत. एक, शाळाशाळांतून भाषणं. दोन, मुलांच्या फायली: तपासण्या, सर्टिफिकेट, शाळेला पत्र, बोर्डाची परवानगी, रायटर (परीक्षेत मूल सांगेल ते लिहून देणारा).

घरचे, डॉक्टर, शेजारच्या बेन, सगळ्यांचं एकच: सहा महिने सगळं बंद. आणि मी पण म्हटलं असतं हो, पण दहावीच्या मुलांचे कागद बोर्डाच्या वेळापत्रकाने चालतात, माझ्या नसांच्या नाही. शिवाय हे सगळं माझ्या डोक्यात आणि एका लोखंडी कपाटात. मी आयसीयूत असताना एका आईला शाळेने विचारलं सायकॉलॉजिस्टचा ओरिजिनल रिपोर्ट कुठे, तो माझ्या कपाटात, चावी माझ्या पर्समध्ये, आणि पर्स कुठे ते कोणालाच माहीत नाही.

तर मी ठरवलंय ते असं: भाषणं बंद, फायली चालू. लोकांना हे उलटं वाटतं. भाषण म्हणजे समाजकार्य आणि फाइल म्हणजे कारकुनी. पण मी इतकी वर्षं भाषणं दिली, शाल घेतली, नारळ घेतला, फोटो काढला, बाई म्हणाल्या डोळ्यात पाणी आलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच बाईंच्या वर्गात त्याच पोराच्या वहीवर तीच लाल रेघोटी. त्यातून जागरूकता महिना कधी, तर ऑक्टोबर. आपल्या बडोद्यात ऑक्टोबरात कोण भाषणाला येतं? गरबा नाहीतर दिवाळीची साफसफाई.

फाइल मात्र हलते. माझ्यासमोर आत्ता एक आहे, निळं प्लॅस्टिकचं फोल्डर. आत डोळ्यांचा रिपोर्ट, कानाचा ग्राफ, सायकॉलॉजिस्टची पानं, आणि वहीची झेरॉक्स. एकाच पानावर ‘शिक्षक’ तीन तऱ्हेने लिहिलाय: शिशक, क्षिशक, शिक्षाक. तिन्हींवर गोल. खाली शेरा ‘लक्ष दे’. हे पान मी मुद्दाम सगळ्यात वर ठेवते, कारण हेडबाई रिपोर्ट वाचत नाहीत, पान बघतात. अशा पोराला तीन तासांच्या पेपरला एक तास जास्त मिळाला तर तो पास होतो, मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि हे काम पलंगावरून होतं. फोनवर होतं.

प्रश्न एवढाच की किती, कसं, आणि माझ्याबरोबर कोण. इथे बडोद्याचे निदान चारपाच जण तरी आहात. बोला.

बंड्या_बरोडेकर

ताई आधी एक सांगा जेवण जातंय का नीट. आई रोज विचारते, तिला जीबीएस म्हणजे जीएसटीचा प्रकार वाटला होता. मला फायलीतलं काही समजत नाही पण गाडी आहे आणि रविवार मोकळा आहे. झेरॉक्स, कुरियर, हॉस्पिटलची लाइन, सांगाल ते.

फिजिओ_वहिनी

मी तुमची फिजिओ नाही पण रोज हेच पेशंट बघते म्हणून बोलते. जीबीएसमध्ये लोक हमखास एक करतात. ज्या दिवशी बरं वाटतं त्या दिवशी सगळं उरकून घेतात, आणि मग दोन दिवस आडवे. व्यायाम असो की फोनवर बोलणं, थकण्याच्या आधी थांबायचं, थकल्यावर नाही. वीसेक मिनिटं काम, मग डोळे मिटून पडायचं, मोबाइल बघत पडणं म्हणजे आराम नाही!! आणि फोनवर रडणारी आई म्हणजे पण मेहनतच आहे, ती पण धरा हिशोबात. फायली चालू ठेवा, माझं नाही म्हणणं नाही, पण सकाळी फिजिओ झाल्यावर लगेच नको. आणि स्प्लिंट घालून रात्री बाथरूमला जाताना दिवा लावा, तुम्ही लावत नसणार.

मास्तर_निवृत्त

सुरसागरताई, तब्येतीला जपा हे पहिलं. आता भांडतो.

भाषणं बंद हे मला पटलेलं नाही. मी गुजराती माध्यमाच्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत उभी नोकरी केली. तुमच्या कपाटातल्या फायली कोणाच्या आहेत ते बघा जरा. बहुतेक सीबीएसई, बहुतेक इंग्लिश मीडियम, आईबाप शिकलेले, सायकॉलॉजिस्टची फी परवडणारे. फाइल बनते कधी, तर कोणीतरी ओळखल्यावर. आमच्या शाळेतलं पोरगं फाइल होण्याआधीच ‘ठोठ’ होऊन जातं (गुजरातीत ढ ला ठोठच म्हणतात), सातवी-आठवीत गळतं आणि मांडवीत कुठल्यातरी दुकानात लागतं. त्याच्यासाठी वर्गातल्या मास्तराला कळायला नको का?

आणि आपल्याकडे गुंता किती ते बाहेरच्यांना कळत नाही. घरात मराठी, शाळेत गुजराती, मग हिंदी, मग इंग्रजी. मराठीत घ आणि ध मध्ये निदान डोक्यावरची रेघ तरी मदत करते, ध ला ती तुटते. गुजरातीत शिरोरेखाच नाही, एका बारीक वळणावर सगळा खेळ. त्यात गुजरातीत पाचाचा आकडा आणि प हे अक्षर जवळजवळ सारखं, दोनचा आकडा आणि र पण सारखे. साधं पोरगं पण पहिलीत गोंधळतं, मग ह्या पोरांचं काय होत असेल. वेलांटी आधी काढायची आणि उच्चार नंतर करायचा, हे तर दोन्हीकडे आहेच.

सयाजीरावांनी १८९३ साली अमरेलीला सक्तीचं मोफत शिक्षण सुरू करून बघितलं आणि १९०६ला सबंध राज्यात लागू केलं. पोर शाळेत आणायचं काम तेव्हाच झालं. शाळेत आलेलं पोर वाचतंय का, हे बघणार कोण?

सुरसागर_काठ

मास्तर, भांडा हो, आयसीयूत कोणी भांडायला नव्हतं.

तुमचं निम्मं मान्य. गरीब पोरं माझ्या कपाटात कमी आहेत, खरंय. पण त्याला भाषण हा उपाय आहे हे नाही मान्य. भाषणात मी काय सांगणार, लक्षणं. मास्तर ऐकतात, मान हलवतात, वर्गात साठ मुलं. त्यापेक्षा हातात काहीतरी द्या जे वापरता येईल. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने डाली नावाचं साधन काढलंय, २०१५ला आलं तेव्हा हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत होतं. पहिली-दुसरीसाठी वेगळं, तिसरी ते पाचवीसाठी वेगळं. त्याची चाळणी, म्हणजे पहिल्या तपासणीचा तक्ता, शिक्षक स्वतः भरू शकतात. त्याने निदान होत नाही, नुसतं कळतं की कोणाला पुढे पाठवायचं. आणि आपल्या मराठी मुलांना मराठीत तपासता येतं ही केवढी मोठी गोष्ट आहे, नाहीतर घरात मराठी बोलणाऱ्या पोराला इंग्रजी शब्द वाचायला देऊन म्हणायचं ह्याला डिस्लेक्सिया आहे, अरे त्याला इंग्रजी येत नाही!

भाषण करायचंच असेल तर तुम्ही करा ना. तुम्हाला गुजराती मास्तर आपला समजतात, मला ‘मोटी बेन’ म्हणून चहा पाजतात आणि विसरतात. आणि ऑक्टोबरात नको, गणपतीत मंडळात करा, तिथे आयते लोक असतात, आरतीनंतर दहा मिनिटं.

(वहिनी, दिवा नव्हते लावत. कसं कळलं?)

जुना_खोड

आमच्या वेळी असलं काही नव्हतं. दोन छड्या दिल्या की सगळे वाचायचे. आता प्रत्येक गोष्टीला इंग्रजी नाव काढायचं आणि सर्टिफिकेट आणायचं. मोबाइल काढून घ्या, वाचतील.

खोडरबर

जुना खोड साहेब मी आहे ना डिस्लेक्सियावाला, छड्या खाल्ल्यात भरपूर, वाचायला नाही आलं, छडीचं स्पेलिंग पण नाही आलं 😄

तुमच्या वेळचं म्हणाल तर १८९६ला ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरने चौदा वर्षांच्या एका मुलावर लिहिलंय, हुशार, पण वाचता येत नव्हतं, आणि त्याचा मास्तर म्हणाला होता की सगळं तोंडी शिकवलं तर हा शाळेत सगळ्यात हुशार ठरेल. तेव्हा मोबाइल होता का.

ताई मी तुमच्या खोलीत आठवीपासून होतो, आता नोकरी करतो, हे पण बोलूनच टाइप करतोय तुमच्यासारखं. मला दोन गोष्टी बोलायच्या आहेत. एक म्हणजे मोठे झालेले आम्ही कुठे जातो, सगळे ‘बिचारी मुलं बिचारी मुलं’ करतात, आम्ही काय हवेत विरतो का, आम्हाला पण काम द्या. दुसरं रायटरचं माझ्याकडे द्या. मला माहितीये ते किती डोकेदुखी आहे, दहावीच्या मुलाला नववीचा किंवा त्याच्या खालचा रायटर लागतो, आणि नववीच्या मुलाची स्वतःची परीक्षा त्याच दिवसांत, त्याची आई पाठवत नाही, आणि आदल्या रात्री फोन येतो भैया उसको बुखार है. मी आत्तापासून यादी करतो, प्रत्येक मुलामागे दोन, एक पक्का एक राखीव. आणि नुसता रायटर मिळून होत नाही, दोघांना चारपाच वेळा एकत्र बसवून सराव करावा लागतो, कारण ज्याने आयुष्यात कधी उत्तर बोलून सांगितलं नाही तो एकदम परीक्षेत कसा सांगणार. माझ्याकडून हे कोणीच करून घेतलं नव्हतं बोर्डाला, मी अर्धा पेपर नुसता लाजत बसलो होतो.

आणि प्लीज ग्रुपवर लांब लांब मेसेज नका लिहू, व्हॉइस नोट टाका. डिस्लेक्सियाच्या ग्रुपवर दोन दोन स्क्रीनचे मेसेज येतात, कोणासाठी असतात ते??

सुरसागर_काठ

खोड्या, रायटर तुझे. आजपासून. यादी मला दाखवायची पण नाही, अडलं तर फोन.

चिमणी_पाखरं

मी नवीन आहे, कारेलीबागला राहते. धाग्याच्या मध्येच विचारतेय सॉरी. मुलगी दुसरीत आहे, सात पूर्ण. गोष्ट ऐकून शब्दन् शब्द परत सांगते पण पुस्तक समोर आलं की पोटात दुखतं म्हणते. ब आणि व, म आणि भ, इंग्रजीत बी आणि डी. कविता पाठ आहे म्हणून वाचल्यासारखी म्हणते, बोट भलत्याच ओळीवर. शाळा म्हणते सर्टिफिकेट आणा तर बघू. सासूबाई म्हणतात तिचा बाबा पण असाच होता, आपोआप सुधारेल. आणि एका ठिकाणी रंगीत काचांचा चष्मा आणि मेंदूच्या व्यायामाचा कोर्स सांगितलाय, पैसे बरेच आहेत. काय करू?

डॉक्टर_उकडीचे

बालरोगवाला बोलतोय. चष्म्याचे पैसे वाचवा. डिस्लेक्सियात डोळा चुकीचं बघत नाही, शब्दातले आवाज सुटे करणं आणि अक्षराशी जोडणं हे मेंदूला जड जातं. रंगीत काचांनी किंवा डोळ्यांच्या व्यायामाने वाचन सुधारतं ह्याला नीट पुरावा नाही, बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या मोठ्या संघटनांनी हे स्पष्ट सांगितलंय. टॉनिकचं पण तेच. पण नंबर आहे का आणि ऐकू नीट येतं का हे आधी तपासायचं, ते वेगळं, ते हवंच. सर्दीने कान भरलेले असले की पण मुलं आवाजात गोंधळतात.

‘बाबा पण असाच होता’ हे मात्र सासूबाईंनी फार कामाचं सांगितलं. हे घराण्यात चालतं. ते फाइलमध्ये लिहा. आणि एकटी मुलगी आहे असं समजू नका, शिकण्याच्या अशा अडचणी शाळेतल्या ५ ते १५ टक्के मुलांत असतात असं डीएसएम-५ (मानसोपचारवाल्यांचं निदानाचं पुस्तक) म्हणतं.

सुरसागर_काठ

चिमणी, सॉरी कशाला, धागा ह्यासाठीच आहे.

शाळा सर्टिफिकेट मागतेय पण ते आत्ता मिळणारच नाही. २०१८च्या जानेवारीत केंद्राने जे नियम काढले (२०२४ला ते नव्याने आले, ताजे बघून घ्या) त्यात सर्टिफिकेट आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच, मग चौदाव्या वर्षी परत तपासणी, अठराव्या वर्षी परत, आणि अठराचं मिळालं की ते कायमचं. हे शाळेला माहीत नसतं. म्हणून शाळेला लेखी द्या की नियमाप्रमाणे वय झालेलं नाही, झाल्यावर तपासणी करून घेऊ, तोपर्यंत मोठ्याने सगळ्यांसमोर वाचायला लावू नका आणि फळ्यावरून उतरवून घ्यायला जास्त वेळ द्या. ह्याला कुठलं सर्टिफिकेट लागत नाही, माणुसकी लागते. पत्र मी बोलून पाठवते, तुम्ही उतरवून घ्या. पोच घ्या, शिक्का मारलेली, तोंडी ‘हो हो’ चालत नाही.

आणि शिकवणं थांबवू नका वय व्हायची वाट बघत. आठ वर्षं ही कागदाची अट आहे, शिकवायची नाही. रोज थोडंच. पुस्तक बाजूला. ‘कमळ’ म्हणा आणि टाळी: क, म, ळ. क काढला तर काय राहिलं? मळ. म काढला तर? कळ. हे नुसतं कानाने, भाजी निवडता निवडता. मग अक्षर रव्यात बोटाने काढायचं आणि काढताना मोठ्याने आवाज म्हणायचा, हात, कान, डोळा तिन्ही एकदम. बोट भलत्याच ओळीवर जातं तर पोस्टकार्डाला खिडकी कापा, एकच ओळ दिसेल एवढी. आणि गोष्टी वाचून दाखवणं बंद करायचं नाही, तिची भाषा त्यावरच वाढणार.

आणि बाबांना विचारा हो एकदा, त्यांना शाळेत काय व्हायचं. बरेच बाबा पहिल्यांदाच बोलतात.

काळा_कोट

वकील आहे, अलकापुरीत बसतो. फायलींच्या बाबतीत ताईंच्या बाजूने, पण कायदा माहीत असला तर फाइल दुप्पट वेगाने हलते म्हणून.

२०१६चा दिव्यांग हक्क कायदा, एप्रिल २०१७पासून लागू. त्यात २१ प्रकार आहेत, विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यातच आली, डिस्लेक्सिया, डिसग्राफिया (लिहिण्याची अडचण), डिसकॅल्क्युलिया (गणिताची) नावानिशी. कलम १६ म्हणतं की ही मुलं लवकरात लवकर ओळखा आणि शिकवण्याचे योग्य उपाय करा, आणि ते नुसतं सरकारी शाळांना नाही, सरकारची मान्यता असलेल्या शाळांना पण आहे. कलम १७ मध्ये जास्तीचा वेळ, रायटर, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट. म्हणजे ‘आम्ही खाजगी आहोत’ हे उत्तर चालत नाही. पत्रात दोन्ही कलमं टाका, आणि खाली ‘प्रत: राज्याचे दिव्यांग आयुक्त’ एवढंच लिहा. बऱ्याचदा प्रत पाठवावीच लागत नाही 😀

दुसरं, लोक सर्टिफिकेटवरच्या ४० टक्के अपंगत्वावर अडतात. आरक्षणाला ४० टक्के लागतात, बरोबर. पण रायटरसाठी ती अट लावता येत नाही, सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२१मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी मध्ये सांगितलं. त्या मुलाला रायटर्स क्रॅम्प होता, लिहिताना हात आखडायचा. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अवनी प्रकाशची केस, डिसग्राफिया, नीटच्या (मेडिकल प्रवेशाच्या) परीक्षेत जास्तीचा एक तास दिलाच नाही. कोर्टाने परत परीक्षा घ्यायला लावली नाही, पण तिच्यावर झालेल्या अन्यायाची भरपाई कशी करता येईल ते बघा असं एनटीएला, म्हणजे ती परीक्षा घेणाऱ्या संस्थेला सांगितलं. माझ्या मते दुसरी केस पालकांनी जास्त लक्षात ठेवावी, कारण परीक्षा होऊन गेल्यावर जिंकलं तरी तो तास परत येत नाही. म्हणून परवानगीचं पत्र हॉलमध्ये हातात पाहिजे, आणि केंद्रप्रमुखांना आदल्या दिवशी भेटून यायचं.

तिसरं, ताई, हे जरा कडू आहे. फायली वाटताय ना लोकांत? आधी प्रत्येक पालकाची लेखी संमती घ्या. मुलाचा आयक्यू, घरचं सगळं असतं त्या रिपोर्टात. व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकून ‘हे कोणी बघाल का’ असलं अजिबात नको.

सुरसागर_काठ

कडू नाही, बरोबर आहे. संमतीचा कागद तुम्ही बनवून द्या, एकपानी, मराठी आणि गुजराती, मोठा टाइप. ओरिजिनल आता ज्याचे त्याच्या घरी जाणार, कपाटात फक्त झेरॉक्स. बंड्या, रविवारी ये, पण एकट्याने नको, आईला घेऊन ये, जीएसटीचं समजावते त्यांना.

मास्तर_निवृत्त

गणपतीची कल्पना बरी आहे. आमच्या मंडळात बोलतो. पण डालीचं मी आधी स्वतः शिकणार, मग चार मास्तरांना बसवणार, गुजराती शाळेतल्या मराठी घरच्या पोरांपासून सुरुवात. त्यातून जी पोरं निघतील त्यांची फी भरायला आईबाप नसतील, ती सरकारी हॉस्पिटलच्या मेडिकल बोर्डाकडे न्यावी लागतील, सगळा दिवस जातो, मजुरी बुडते. त्यांच्या फायली तुम्ही घेणार का? आत्ताच सांगा. तुमची तब्येत बघून विचारतोय, भीड नको.

सुरसागर_काठ

मास्तर खरं सांगू, आत्ता नवीन फक्त दोन घेईन एका वेळी. त्या निघाल्या की पुढच्या. जास्त घेतल्या तर मी पडेन आणि त्या पण अडकतील, चावी-पर्सचा प्रकार परत नको. दहावीच्या जुन्या आहेतच. हॉस्पिटलच्या लाइनीत बसायला बंड्या आहे, तिथे काय विचारतात, कुठला कागद वर ठेवायचा ते मी त्याला शिकवते.

आणि शिकवणीची खोली बंद. हे लिहायला जरा जड गेलं. मुलांना समोर बसवून शिकवायला आवाज लागतो आणि हात लागतात, ते आत्ता नाहीत माझ्याकडे. ज्या दोन आया शिकून तयार झाल्यात त्यांच्याकडे मुलं वाटून दिली आहेत, त्या फी घेणार आहेत आणि घ्यावीच, मी फुकट करायचे म्हणून त्यांनी पण फुकट करावं असं काही नाही.

फिजिओ_वहिनी

दोन. मी लिहून ठेवलंय हं. तिसरी घेतलीत की मी तुमच्या फिजिओला फोन करणार, बडोदं एवढुसं आहे, ओळख निघतेच.

जुना_खोड

क आणि म काढायचा तो खेळ नातवाबरोबर करून बघितला. त्याला जमला, मला कमळचा क काढल्यावर जरा वेळ लागला. असो. पोस्टकार्ड आता मिळतं कुठे?

खोडरबर

रावपुऱ्याला हेड पोस्टात काका. नाहीतर लग्नपत्रिका कापा, घरात ढिगाने असतील 😄

बंड्या_बरोडेकर

ताई रविवारी दहाला येतो आईला घेऊन. ती लीलो चिवडा आणतेय, तुम्हाला चालतो ना? आणि कपाटाची चावी आता कुठे आहे ते घरात दोघांना तरी सांगून ठेवा.

सुरसागर_काठ

चालतो. दहा नको, साडेअकरा, फिजिओ झाल्यावर जरा पडते. चावी सांगितली.

चिमणी_पाखरं

शाळेचं पत्र दिलं, शिक्का घेतला. बाई म्हणाल्या असं पहिल्यांदाच कोणी लेखी दिलं. सध्या वर्गात मोठ्याने वाचायला लावणार नाहीत म्हणाल्या, बघू किती दिवस टिकतं. नवऱ्याला विचारलं, तो रात्री बराच वेळ बोलत होता, ते परत कधीतरी लिहीन. डोळ्यांची तपासणी झाली, नंबर नाही. परवा कानाची आहे. एकच विचारायचं होतं, उपाशीपोटी न्यायचं असतं का?

डॉक्टर_उकडीचे

छे छे. पोटभर खाऊ घालून न्या. भुकेलं पोर हेडफोन लावून बसत नाही, आवाज आला की बटण दाबायचं असतं, ते राहतं बाजूला आणि रिपोर्ट उगीच खराब येतो. सर्दी असेल तर मात्र तारीख पुढे घ्या.